सांगितलेले मुक्काम

३ डिसेंबर

पोचले एकदाची. पुण्याहून नागपूरपर्यंत रेल्वे, पुढे चंद्रपूरची बस, मग पोंभुर्ण्याची एसटी आणि फाट्यापासून प्रणितची मोटरसायकल. पुढे तो, मध्ये मी, मागे बांधलेली सुटकेस आणि तिच्यावर आईने दिलेली चिवड्याची पिशवी. दोन्ही बाजूंना जंगल आणि थोड्या थोड्या अंतरावर वाघाच्या पाट्या. मी विचारलं, दिसेल का रे? तो म्हणाला, न दिसलेला बरा. पुण्याचे लोक यासाठी महिनाभर आधी जीप ठरवतात आणि ह्याला नको आहे.

घर कौलारू, पुढे ओटा, मागे भलंमोठं परसू. त्याला इथे सांदवाडी म्हणतात. तिथे वांगी, सेमीचे वेल, लिंबाचं झाड आणि तुऱ्हाट्यांचं कूड, म्हणजे तुरीच्या काड्यांचं कुंपण. सासूबाईंचं नाव सुगंधाबाई. लग्नाला पुण्यात आल्या तेव्हा कावऱ्याबावऱ्या वाटल्या होत्या, इथे मात्र त्यांचं राज्य आहे. सासरे मी पाहिलेच नाहीत, ते प्रणितच्या लहानपणीच गेले. प्रणित तालुक्याच्या कृषी कार्यालयात आहे, रोज सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो. मी पुण्याची नोकरी सोडली, पण काम सोडलेलं नाही. ट्रॅव्हल कंपनीत इतकी वर्षं लोकांचे हनीमून आखले, आता फोनवरून इथूनच आखेन. मोबाईलची रेंज सांदवाडीत लिंबाखाली चांगली येते, तेव्हा माझं ऑफिस तिथेच.

मी खूश आहे. लिहून ठेवते, म्हणजे पुढे भांडण झालं की वाचता येईल.

५ डिसेंबर

या घरातली एक गंमत. इथे 'कुठे' हा शब्दच नाही. शेजारणी बिनधास्त 'कुठी गेलती वो' म्हणतात, पण आमच्या घरात कोणी तो उच्चारत नाही. प्रणितला सकाळी निघताना मी विचारलं, आज कुठे, ऑफिसातच की शिवारात? सासूबाईंच्या हातातला तांब्या खाली पडला. प्रणित निमूट परत आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि मग उत्तर न देता निघून गेला.

रात्री जेवताना त्यानेच समजावलं. जंगलाकाठी निघालेल्या माणसाला कुठे ते विचारत नाहीत. कोणी विचारलंच तर सांगायचं नाही, परत फिरून बसायचं, पाणी प्यायचं आणि मग जायचं. कारण ते नाव आणखी कोणी ऐकलं तर ते आपल्या आधी तिथे जाऊन बसतं. मी म्हटलं, आमच्याकडे याला ॲडव्हान्स बुकिंग म्हणतात. तो हसला. सासूबाई हसल्या नाहीत.

मग त्याने रंजीताचं सांगितलं. रंजीता म्हणजे माझी जाऊ, थोरल्या प्रवीणची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी घरामागच्या शेतात लाखोळीची, म्हणजे लाखेच्या डाळीची, पालेभाजी खुडायला गेली आणि तिथेच वाघाने धरली. तेव्हापासून प्रवीणभाऊजी बल्लारपूरला राहतात, या घरात पाय ठेवत नाहीत. प्रणित तिला 'वयनी' म्हणायचा, अजूनही म्हणतो. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला माझ्या विनोदाची लाज वाटली.

८ डिसेंबर

श्रीलंका ठरली! प्रणितने जन्मात समुद्र पाहिलेला नाही आणि त्याला हत्तीही पाहायचे आहेत. मी म्हटलं, अख्ख्या जिल्ह्यात वाघ आणि तुला हत्ती हवेत. तर म्हणतो, हत्ती तोंडासमोरून येतो, मागून येत नाही.

चार मुक्काम काढले. आधी नेगोंबो, म्हणजे उतरल्या उतरल्या समुद्र. मग कँडी, तिथे तळं, देऊळ आणि जवळच हत्ती. मग चहाच्या मळ्यांतून जाणारी आगगाडी पकडून एल्ला. शेवटी मिरिस्सा, नुसतं वाळूत पडून राहायचं. निघायचं जानेवारीच्या मध्यावर. प्रणितच्या पासपोर्टची पोलीस चौकशी तेवढी राहिली आहे. चारही ठिकाणच्या गेस्टहाऊसवाल्यांशी बोलले, सगळे घरगुती, बायकाच चालवतात. मोठी हॉटेलं मी फक्त गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारते.

१० डिसेंबर

आज प्रवास तोंडी चालवून पाहिला. ही माझी कामाची जुनी पद्धत. आखणी झाली की ती मोठ्याने बोलायची, जणू आपण निघालोच. सकाळी उठलो, इथे उतरलो, ही गाडी पकडली, इथे जेवलो, इथे झोपलो. बोलताना जिथे अडखळतो तिथे आखणीत भोक असतं. ऑफिसात सगळे मला वेडी म्हणायचे, पण माझं गिऱ्हाईक कधी स्टेशनवर अडकलं नाही.

दुपारी सासूबाई दळण आणायला गेल्या होत्या. मी लिंबाखाली उन्हात बसून सुरुवात केली. म्हटलं, निघालो बाई मी आणि माझा नवरा. तर कुडापलीकडून कोणीतरी हसलं आणि म्हणालं, "मंग कुठी?" कोवळा आवाज होता, बाईचा. शेजारच्या नीलाबाईची सून असणार. मला मजा वाटली. घरात नसलेला शब्द ऐकून बरंही वाटलं. आणि मी काही निघाले नव्हते, फक्त आखत होते. मी म्हटलं, नेगोंबोला, समुद्र बघायला. मी थांबले की ती पुन्हा, "मंग कुठी?" मी कँडी सांगितलं, हत्ती सांगितले. "मंग कुठी?" आगगाडी, एल्ला, मिरिस्सा, सगळं सांगितलं. काय नेसायचं, काय खायचं हेसुद्धा सांगितलं. इतकं मन लावून ऐकणारं गिऱ्हाईक मला कधी मिळालं नाही.

शेवटी तिने विचारलं, "अन् मंग?" मी म्हटलं, मग काय, घरी. सासूबाई दारात ओवाळतील आणि आम्ही दोघं आत येऊ.

१२ डिसेंबर

प्रणितचं नाक आणि मान लाल झाली आहे, कातडी सोलून निघाल्यासारखी. डिसेंबरातल्या कोवळ्या उन्हात? तो म्हणतो शिवारात फिरलो. न्हाणीघरात त्याच्या अंघोळीनंतर पांढरी बारीक वाळू राहिली. आपल्या नदीची वाळू जाडी आणि तांबूस असते, मी पाहिली आहे.

नीलाबाई भेटली ओट्यावर. तिच्या सुनेचं मी कौतुक केलं तर ती बघतच राहिली. तिला सूनच नाही, मुलगा अजून शाळेत आहे. शिवाय तिचं घर आमच्या पुढच्या बाजूला आहे. मग मी मागे जाऊन कूड बाजूला करून पाहिलं. पलीकडे कोणाचं अंगण नाही. सरळ लाखोळीचं शेत आहे आणि त्याच्यापुढे जंगल.

असेल कोणी भाजी खुडायला आलेली.

१४ डिसेंबर

नेगोंबोच्या गेस्टहाऊसच्या बाईंचा फोन आला. राहून गेल्याबद्दल आभार मानत होत्या. मी म्हटलं, बाई, आमचं बुकिंग जानेवारीचं आहे, तुमचा घोळ होतोय. त्या गोड आवाजात म्हणाल्या की घोळ कसला, तुम्ही लवकर आलात, खोली रिकामी होती, दिली. मला म्हणाल्या, तू फार लाजाळू आहेस. पलंगावर न झोपता जमिनीवर झोपलीस, चमच्याला हात लावला नाहीस आणि समुद्रात लुगड्यासकट बसून राहिलीस. तुझा नवरा मात्र फार हसरा आहे.

त्यांनी फोटो पाठवला. प्रणित आहे. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा, पॅन्ट भिजलेली, तोंड उन्हाने लाल. त्याच्या बाजूला पाठमोरी एक बाई, डोक्यावर हिरवा पदर.

फोटोवरची तारीख बाराची आहे. बाराला संध्याकाळी तो माझ्यासमोर बसून वांग्याची भाजी खात होता.

मी त्याला फोटो दाखवला. मला वाटलं तो दचकेल. तो हसला आणि म्हणाला, "मस्त आला ना? तू तर पाण्यातून निघून नाई राह्यली होती."

मला खूप भीती वाटते आहे. पुण्याला आईला फोन लावला आणि काय सांगावं ते न सुचल्याने चिवडा संपला म्हणून सांगितलं.

१६ डिसेंबर

तो सगळं सांगतो. रोज जेवताना सांगतो. कँडीच्या तळ्याकाठी आपण कसे चाललो, हत्ती जवळ आल्यावर मी त्याचा दंड कसा घट्ट धरला, अननसाला तिखटमीठ लावून कसं खाल्लं. तो खोटं बोलत नाही, त्याला खरंच आठवतं. त्याच्या शर्टाला उदबत्तीचा आणि कसल्याशा फुलांचा वास येतो. दिवसा तो ऑफिसात असतो असं ऑफिसातले सांगतात, टेबलावर डोकं ठेवून झोपतो म्हणे. त्याला हलवून म्हटलं, मी तिथे नव्हते रे, मी इथे होते. तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. तो सुखात आहे. माझ्यासोबत हनीमूनला गेला आहे आणि मी इथे भांडी घासते आहे.

शेवटी सासूबाईंना सगळं सांगितलं. कुडापलीकडचा आवाज, चारही मुक्काम, सगळं. त्या चुलीपुढे बसून होत्या. त्यांनी एक लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "तिले समुद्र पाहाचा होता. प्रवीणनं कबूल केलं होतं."

आणि मग ते सांगितलं जे त्यांनी मुलांनाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी रंजीता टोपली घेऊन मागल्या दाराने निघाली, तेव्हा "कुठी चालली वो?" असं विचारणाऱ्या त्याच होत्या. सवयीने विचारलं. पोर हसत म्हणाली, "इथीच, लाखोळीत." परत येऊन बसली नाही, पाणी प्याली नाही. "मीच विचारलं अन् त्यानं ऐकलं," एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तेव्हापासून त्या शब्दाला या घरात बंदी.

मी विचारलं, आता काय करायचं? सांगितलेला मुक्काम परत घेता येत नाही म्हणाल्या. ती तिथे पोचायच्या आधी आपण पोचलो तरच तो आपला. "तिनं सारे मुक्काम केले का मंग ती घरी येते. तू सांगितलं तशीच येते. तुह्या जागी." मी विचारलं, आणि मी? त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

१७ डिसेंबर

सगळं रद्द केलं. एल्लाच्या बाईंना फोन करून स्पष्ट सांगितलं, आम्ही येत नाही, कोणी आलं तरी आत घेऊ नका. त्या हसल्या. म्हणाल्या, अगं, तुम्ही दोघं आत्ता व्हरांड्यात चहा पिताय, गंमत करतेस का माझी? मागून प्रणितचं हसणं ऐकू आलं. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात गेले. प्रणित तिथे पाटावर बसून लसूण सोलत होता.

मुक्काम बदलायचाही प्रयत्न केला. लिंबाखाली जाऊन मोठ्याने बोलले की मिरिस्सा नाही, आता आम्ही महाबळेश्वरला जाणार. कुडापलीकडून काहीच नाही. आता तिला विचारायचं काही उरलेलं नाही.

एवढी माझी हुशारी. आखणीत एक भोक ठेवलं असतं तर तिची गाडी तरी चुकली असती.

१९ डिसेंबर

मिरिस्साला आधी पोचायचं. दुसरा मार्ग नाही. पण प्रणितच्या पासपोर्टची पोलीस चौकशी अजून झालेली नाही. काल मी दिवसभर फोन केले, रडले, ओळखी काढल्या. होईल म्हणतात, नव्या वर्षात.

सासूबाई म्हणाल्या, मार्कंड्याच्या महादेवाला जाऊ, तिथी यमालाही परत जावं लागलं होतं. प्रणितला सुट्टी घ्यायला लावून आम्ही तिघं गेलो. देवळात मी कपाळ टेकलं आणि म्हटलं, माझा नवरा मला परत दे, मला समुद्र नको, हत्ती नकोत, काहीच नको, मी जन्मभर या गावाबाहेर पडणार नाही. असं मी कधी कोणापुढे मागितलं नव्हतं.

मग वैनगंगेवर गेलो. प्रणित पाण्याकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, लाटा लहान झाल्या आज. मी त्याचा हात धरला. म्हटलं, ही नदी आहे प्रणित, आणि मी केतकी आहे, माझ्याकडे बघ. त्याने बघितलं. फार मायेने बघितलं. आणि हळूच हात सोडवून घेत म्हणाला, "वयनी, तुमी काऊन रडून राह्यल्या? केतकी अन् मी येऊन राह्यलो ना बुधवारी."

मी तिथेच पायरीवर बसले. सासूबाईंनी ऐकलं होतं. त्यांनी मला जवळ घेतलं, पण त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हत्या.

घरी येऊन हे लिहिते आहे. वर वाचून पाहिलं. सगळं माझंच अक्षर आहे. मले धीर धरला पाहिजे.

'मले' लिहिलं मी.

२१ डिसेंबर

एकटीच निघाले. माझा पासपोर्ट तर आहे. नागपूर, चेन्नई, कोलंबो, तिथून टॅक्सी. पोचले तर पोचले. कोणाला सांगितलं नाही, मनातसुद्धा नाव घेतलं नाही.

फाट्यावर एसटी थांबली. चढले. कंडक्टरने माझ्या पुढच्याला तिकीट दिलं, मागच्याला दिलं. मी हात पुढे केला तर तो माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत होता. पोंभुर्ण्याला एक जाडजूड बाई आली आणि सरळ माझ्या मांडीवर बसली. मी ओरडले. ती अंगावर शहारा आल्यासारखी उठली, सीट झटकली आणि दुसरीकडे गेली.

पुढे चंद्रपूर यायला हवं होतं. आलं नाही. बस जात होती, लोक उतरत होते, आणि मी उतरले तर पायाखाली लाखोळी. आमच्या घरामागची.

हे मी कोणाला सांगू.

घरात गेले. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. गुणगुणत होत्या. नीलाबाईला सांगत होत्या की पोरं बुधवारी येतात श्रीलंकेहून, केतकीले वडे आवडतात, भिजत घालाचे आहेत. मी समोर बसले. म्हटलं आई, तुम्हाला माहीत आहे ना, तुम्हीच सांगितलं ना मला. त्यांनी डोळे मिटून घेतले. नीलाबाईने विचारलं काय झालं, तर म्हणाल्या, "काई नाई, रंजीताची आठवण झाली."

एकच माणूस होतं माझ्या बाजूला, तेही गेलं.

२२ डिसेंबर

फोन लागत नाही. पुण्याचा नंबर— आईचा नंबर पाठ होता. नऊ, आठ, आणि पुढे—

प्रणित कालपासून घरी नाही. ऑफिसातही नसेल. त्याची चप्पल नाही, टूथब्रश नाही. सगळा गेला तो आता. मिरिस्साला वाळूत पडला असेल. तिथे मी असेन त्याच्याजवळ. माझा हात धरून.

किती प्रेम होतं माझं त्याच्यावर. आहे. आहे असं लिहायचं.

दुपारी प्रवीणभाऊजी आले. दोन वर्षांत पहिल्यांदाच. धाकटा भाऊ येणार म्हणून बोलावलं त्यांना. मागच्या दाराशी आले आणि मला पाहून जागच्या जागी थांबले. त्यांना मी दिसले! मी धावत गेले. म्हटलं, भाऊजी, मी केतकी, प्रणितची बायको, मला इथून न्या, बल्लारपूरला न्या, कुठेही न्या. ते खाली बसले. लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "तुले नेतो म्हटलं होतं मी. नाई नेलं. माफ कर मले. तू अजून इथीच काऊन थांबली वो?"

मी नाही नाही म्हणत राहिले. त्यांनी दाराशी पडलेली भाजीची टोपली उचलून माझ्या पायाशी ठेवली आणि हात जोडले.

वाईट याचं वाटलं की त्याले रडताना पाहून माझा जीव कळवळला. नवऱ्यासाठी कळवळतो तसा.

२३ डिसेंबर

घरात राहता येत नाही. आत गेले की थंडी वाजते. शेतात वाजत नाही.

सासूबाई— आई— अंगण सारवतात. रांगोळी. मी दारात उभी राहते, त्या बाजूने जातात.

ठरवलं. ती आत पाऊल टाकायच्या आधी मी दारात उभी राहणार. माझा नवरा मला बघेल. ओळखेल. इतक्या जवळून ओळखणार नाही असं होणार नाही. मी त्याचं नाव घेईन. मोठ्यानं. ज्या बाईच्या तोंडी नवऱ्याचं नाव, तीच या घरची.

मी हरलेली नाई.

२४ डिसेंबर

गाडी वाजली फाट्याकडून.

सगळे दारात. आई ताट घेऊन. मी ओट्याच्या कोपऱ्यात, इथी, डायरी मांडीवर.

उतरली. माझा निळा ड्रेस. माझे केस. माझाच चेहरा, उन्हानं थोडा रापलेला. प्रणित बॅगा काढून राह्यला, हसून राह्यला. बारीक झाला.

मी हाक मारली. दोनदा— त्यानं इकडे पाहिलं. आरपार.

आईनं पाहिलं. आईले दिसते मी. आईनं भाकरतुकडा त्या दोघांवरून उतरवला आणि फेकला. माझ्या अंगावर फेकला. अन् तोंड फिरवलं.

नीलाबाई म्हणते, नाव घेतल्याबिगर आत नाई जाऊ देत. सारे हसले. ती लाजली, पदर नाही तरी पदर सारखा केला. आता घेईल. उंबऱ्याशी आहे, पाय उचलला नाई अजून. वेळ आहे. मलेही येते नाव घेता. तिच्याआधी. ऐका सारे, ऐका, मी या घरची सून, मी केत— मी— माझ्या नवऱ्याचं नाव प्रवी—